खऱ्या फ्रेंच माणसाची टोपी

प्रिय बाबा, पॅरिसहून एमरिकचा नमस्कार.

मी बरा आहे. दिवसभर ट्रे घेऊन उभं राहून पाय तेवढे भरून येतात. तुमचा गुडघा कसा आहे? मेंढ्या डोंगरावर नेल्या का?

कॅफेत सगळी परदेशी गिऱ्हाइकं. आल्या आल्या साधं 'बोंजूर' म्हणून नमस्कारही करत नाहीत, आणि मग मीही गप्प राहिलो की म्हणतात, फ्रेंच माणूस तुसडाच. मालकीणबाईंना तेच हवंय. "फार हसू नकोस रे," म्हणतात. "तुसडेपणा बघायलाच तर येतात इतक्या लांबून."

आता त्यांनी मला काळी चपटी बेरे टोपीही घालायला लावली आहे. काल एका बाईंनी माझा फोटो काढला. म्हणाल्या, "हा खरा फ्रेंच माणूस." आमचा आचारी आतून म्हणाला, "अख्ख्या गल्लीत ही टोपी घालणारा हा एकटाच आहे, बाई." सगळे हसले. मला तुम्ही आठवलात.

ही टोपी नायलॉनची आहे, कपाळाला खाज सुटते. तुमची जुनी लोकरीची पाठवाल का? शाळेच्या दारात लाज वाटून मी तुम्हाला जी काढून खिशात ठेवायला लावायचो, ती अजून असेल तर तीच पाठवा.

तुमचा,
एमरिक