रंधा कुशीवर ठेवावा

वाई, मंगळवार

धरणेंद्र यांस जयजिनेंद्र.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आपली ब्राह्मी मजेत आहे. ती आणि जावई आठला कामावर जातात, सातला येतात. नव्या कपाटांच्या कामावर लक्ष ठेवायला घरी मी. तुम्ही वेळेवर जेवता ना?

सुतार मानसिंगराव तीन रंधे वापरतात. लांब रंधा फळी सरळ करायला, आखूड गुळगुळीत करायला, अरुंद खाच पाडायला. काल ते चहाला गेले, तेव्हा मी तिन्ही पुसून, तळ टेकवून ओळीत मांडले. आल्या आल्या ओरडले, "आवं बाई, पात्यावर ठिवता व्हय! धार जाती. कुशीवर निजवा!"

घरी तुमचे रंधे मी तीस वर्षं असेच मांडत आले. तुम्ही मुकाट्याने पुन्हा धार लावत बसायचात. एकदा तरी बोलायचं होतं.

मानसिंगरावांचा मला राग आला नाही. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कोणी बोललं होतं.

कपाटं शनिवारी होतील. रविवारच्या एसटीने येते. यापुढे माझं चुकलं तर तोंडावर सांगत जा.

तुमची,
सुनीती