आजोबांच्या हातातली चावी

प्रिय आई,

लिहितो लिहितो म्हणत टाळलं, ते खरंच. ओरडायचं ते नंतर ओरड. फिरत फिरत मी टेक्ससच्या किनाऱ्यावर आजी-आजोबांच्या घरगाडीपाशी पोचलोय. ऊन छान आहे, आजी रोज पत्त्यांत जिंकते. इथले पेलिकन तर इतके निर्लज्ज, की... ते जाऊ दे.

काल आजोबांनी तळावरच्या नळाला जोडलेली पाण्याची नळी न काढताच गाडी पुढे घेतली. नळी तुटली, शेजाऱ्यांच्या न्याहारीवर कारंजं उडालं. "ओरिन, अंघोळ झाली रे आमची!" असं आजोबांना म्हणत सगळे हसले. आजोबा हसले नाहीत. निघण्याआधी गाडीभोवती दोनदा फिरून सगळं तपासणारा तुझा बाप तो.

आज सकाळपासून ते चावी मुठीत धरून स्टिअरिंगसमोर बसलेत. मिनेसोटाला घरी जायचंय म्हणे. तिकडे बर्फ आहे म्हटलं, तर म्हणाले, "पोरा, बर्फातून तुझ्या आईला शाळेत मी सोडलंय!" आजी शेजारी पट्टा लावून बसलीय. "गेले तर एकटे नाही जाणार," म्हणते. मला ही गाडी चालवता येत नाही. गुपचूप चाकांपुढे दगड लावलेत.

तू काळजी करू नकोस. तुझी कंबर कशी आहे?

थांब, टॅक्सी आलीय. अगं, तुझा व्हर्लिनकाका! बोटीच्या भांडणानंतर सख्ख्या भावाशी न बोललेला! आजीनेच बोलावलंय वाटतं. खिडकीशी उभा राहून म्हणतोय, "सरक रे दादा. तू रस्ता सांग, मी चालवतो."

आई, आजोबा सरकतायत.

तुझा,
रॉस