उत्तनच्या अंगणातील झाकलेल्या विहिरीवर होणारा नाच थांबवण्याबाबत

प्रति,
मा. प्रभाग अधिकारी,
प्रभाग कार्यालय, भाईंदर पश्चिम,
मीरा-भाईंदर महानगरपालिका.

अर्जदार: कॅजिटन इनास बोर्जेस, राहणार कोळीवाडा, उत्तन. धंदा: जाळी विणणे व दुरुस्ती.

विषय: अर्जदाराच्या स्वतःच्याच घरावर तातडीने नोटीस बजावून अंगणात पाय ठेवण्यास सर्वांना मनाई करणेबाबत.

संदर्भ: काही नाही. अर्जदाराने आजवर कोणाचीही तक्रार केलेली नाही.

महोदय किंवा महोदया, आज खुर्चीवर जे कोणी असाल त्यांस,

कळविण्यात येते की, अर्जदाराची मुलगी स्टेफनी हिचे लग्न येत्या रविवारी आहे. अर्जदाराच्या समाजात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचे पाणी आणतात. म्हणजे नवरीच्या आंघोळीसाठी सगळी मंडळी वाजतगाजत विहिरीवर जातात, घागरी भरतात आणि नाचत परततात. विहीर अर्जदाराच्याच अंगणात आहे. अडचण एवढीच, की ती आता कोणाला दिसत नाही.

१. गेल्या मे महिन्यात अर्जदाराचा मुलगा डेन्झिल याने अंगणात नकली गवत घालायचे ठरवले. लग्नाचे फोटो चांगले येतील आणि नाचताना धूळ उडणार नाही, असे त्याचे म्हणणे. हाटकेश भागातल्या ठेकेदाराने माती उकरली, उतार काढला, भोकांचा पाइप पुरला, वर खडी व बारीक भुकटी पसरून ठोकून घट्ट केली. काम नीटच चालले होते. प्रश्न आला पाणी सोडायचे कुठे याचा. गटार लांब, आणि शेजारी आपल्या बाजूला थेंबही घेईना. तेव्हा अर्जदाराची पत्नी मॅबेल हिने पाइपाचे तोंड विहिरीत सोडायला लावले.

२. ठेकेदार विहीर बुजवायला तयार होता. परंतु घरातल्या एकूण एक मुलींना याच पाण्याने आंघोळ घातलेली, मग स्टेफनीच्याच वेळी बुजवणार कशी? वर सिमेंटचा स्लॅबही नको, कारण पुढेमागे विहीर पुन्हा मोकळी करायची आहे. अर्जदाराच्या वडिलांची मोडीत निघालेली होडी मागे पडून होती. तिच्या फळ्या विहिरीवर आडव्या टाकल्या, घागर जाईल एवढे झाकण ठेवले, आणि बाकी सगळ्यावर खडी, कापड, गवत. मॅबेल म्हणाली, "जी फळी दर्यान न्हाय मोडली, ती अंगणान काय मोडंल?" सगळ्यांना पटले. त्या दिवशी अर्जदारालाही पटले.

३. साहेब, इथेच घात झाला. होडीचे लाकूड खाऱ्या पाण्यात टिकते आणि गोड्या पाण्यात सडते. होडीत पावसाचे पाणी साचले तर कोळी ते आधी उपसून टाकतो, हे कोळीवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण होडी अंगणात आली आणि एकालाही आठवले नाही. सबंध पावसाळा अंगणाचे पाणी खडीतून झिरपत त्याच फळ्यांवरून विहिरीत गेले आहे.

४. गेल्या आठवड्यात अर्जदार सकाळी जाळे पसरायला गेला असता पायाखालची जमीन गादीसारखी दबली, आणि पाठोपाठ खाली पाण्यात खडी पडल्याचा आवाज आला. अर्जदार तसाच खाली आडवा झाला. मग पोटावर सरपटत मागे आला. नंतर शिडी आडवी टाकून, तिच्यावर पालथे पडून, झाकण काढून बॅटरी मारली. फळ्यांना खालून पांढरी बुरशी आली आहे. मधल्या फळ्या वाकल्या आहेत. सुतळीचा दाभण टोचला तर लोण्यात जावा तसा आत गेला. वर मात्र गवत ताणून चिकटवलेले, हिरवेगार, सपाट. बघणाऱ्याला कसली शंका म्हणून येत नाही.

५. अर्जदार भित्रा आहे, हे अर्जदारास मान्य आहे. तरुणपणी वादळात सापडल्यापासून तो होडीवर चढलेला नाही, आणि त्यावरून अख्खा कोळीवाडा त्याची थट्टा करतो. लिफ्टलाही तो घाबरतो. म्हणून हे सांगितल्यावर डेन्झिल हसला. म्हणाला, "पप्पा, तुमी दर्याला घाबरले, आता गवताला पन घाबरता?" मॅबेलचे म्हणणे, मांडवाची मेढ रोवून झाली, आता अंगण उकरले तर अपशकुन होतो. दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी आणू म्हटले तर तिने याच विहिरीसाठी घागरी घासायला काढल्या. अर्जदार स्वतःच पहार घेऊन निघाला, तर डेन्झिलने ती काढून घेऊन कुलपात ठेवली. शेवटी स्टेफनीला सांगायला गेला. ती लाल लुगडे नेसून आरशापुढे उभी होती, आणि इतकी खूश होती की अर्जदार लुगड्याची तारीफ करून परत आला.

६. शनिवारी त्या कुजक्या फळ्यांवर मातीचे घुमट बडवणारे घुमटवाले, बँडवाले, घागरी घेतलेल्या बायका, लहान पोरे, सगळे एकदम नाचणार. स्टेफनीलाही मैत्रिणी मधोमध ओढणार. सबब, शनिवारच्या आत आपला माणूस पाठवून अंगण ताब्यात घ्यावे, दोरी बांधावी, सरकारी पाटी ठोकावी. कारण आपण म्हणाल ते लिहावे: विनापरवाना पाइप, बेकायदा गवत, डासांची पैदास. अर्जदार सगळे कबूल करील. त्याला अटक करणे सोयीचे असेल तर तीही करावी, फक्त भर अंगणात करावी, म्हणजे मिरवणूक थांबेल.

७. आपणास येणे जमले नाही, तर काय करायचे ते अर्जदाराने ठरवले आहे. घुमट वाजायच्या आधी तो एकटाच त्या जागी जाईल आणि दोन्ही पायांनी जोरजोरात उड्या मारील. फळ्या टिकल्या तर सर्वांनी खुशाल नाचावे आणि अर्जदाराला हसावे. मोडल्या तर पुढे कोणी पाऊल टाकणार नाही. विहीर खोल आहे. तरी अग्निशमन दलाचा एक माणूस दोर घेऊन फाटकाशी उभा ठेवावा. तो पाहुणा म्हणून आला तरी चालेल, जेवण आहे.

लेकीच्या लग्नासाठी धीर गोळा करीत असलेला,

कॅजिटन इनास बोर्जेस
उत्तन, दि. ११ नोव्हेंबर २०२५

सोबत: लग्नपत्रिका, फळीचा हाताने निघालेला तुकडा, प्लास्टिकच्या पिशवीत.

ता. क. पत्रिकेवर छापलेला फोन नंबर स्टेफनीचा आहे. त्यावर कृपया फोन करू नये. उत्तरासाठी अर्जदार आपल्या कार्यालयाबाहेरच्या बाकावरच बसला आहे.