महूखालची आग

ता. शिरपूर
४ एप्रिल २०२५

ममता बेटा, तुला बापाचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. शेळीला दोन करडं झाली. तुझी आई रोज महूची, म्हणजे मोहाची फुलं वेचायला जाते आणि येताना माझ्यावर करवादते. धुळ्यात ऊन फार असेल, डोक्याला बांधून फिर.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला.

दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत तू तुझ्या धुळ्याच्या ऑफिसातली जंगलाची मोजणी घेऊन आलीस आणि समजावलंस, उपग्रहातून लेझरचा उजेड पडतो, पानाफांद्यांना लागत जमिनीपर्यंत जातो, आणि परत येतो तेव्हा कुठल्या उंचीवर किती झाडोरा आहे ते कळतं. आपल्या जंगलाचे शेंडे उंच, पण खाली पोकळ, नवं झाड वर येतच नाही, पाल्याच्या आगीत रोपं जळतात, म्हणालीस. महूखाली पाला जाळू नका, एवढाच ठराव तू मागितलास. मी उठून ओरडलो, "आभाळातून बघणारी तू आम्हाला जंगल शिकवतेस? ऑफिसवाल्यांची झालीस!" सगळे हसले. ठराव तिथंच मेला. तू न जेवता गेलीस.

यंदा फाल्गुनात मी पाला पेटवलाच. साफ जमिनीवर फुलं पडावीत, दुसरं काय! वारा फिरला, आग नाल्यापर्यंत गेली. विझवायला धावलो तर राखेत काळ्या काड्या उभ्या. वाटलं, गवत असेल. वाकून बघितलं. अंजनाची, सागाची, महूची रोपं होती गं, गुडघ्याएवढी, अर्धवट जळलेली. इतकी वर्षं मी तिथं नुसती फुलंच बघत आलो.

दुसऱ्या महूखाली मग काडी लावली नाही. तुझ्या आईला आता पाल्यातून एकेक फूल शोधावं लागतं, म्हणून ती करवादते.

आणि खरं सांगू? तू बोललीस तेव्हाच मला पटलं होतं. पण हे जंगल आपल्याच हातानं जाळलं, हे पोरीच्या तोंडून चारचौघांत ऐकवेना. म्हणून ओरडलो.

मागच्या आठवड्यात मी सभेत बोललो, पाला जाळू नका. उखर्डू म्हणाला, "खेमाभाऊ, पोरले तुम्हीच गप करं ना? आते काय व्हयनं?" मीच तुला गप्प केलं होतं, ते आठवून पुन्हा सगळे हसले. ज्या तोंडानं लोकांना हसवलं, त्या तोंडाचं कोण ऐकणार?

तू ये, असं म्हणायचा हक्क मला राहिला नाही. आलीस तर तुझ्याआधी मी उठेन आणि सांगेन, माझी पोर खरं बोलत होती, मी खोटा होतो. नाही आलीस तरी दर सभेत हेच सांगेन. हसू देत.

तुला गप्प करणारा,
तुझा बाप
खेमा