लाल फडके आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, गॅरेजवाल्यांची पत्नी आणि महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे, याबद्दल शेजारच्या डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, याचा दाखला कोणी देत नाही. ते माझ्या शब्दावर मानावे. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एक गृहीतक चुकीचे होते. कोणते, ते कलम सहामध्ये येईल.

१. राहते घर, म्हणजे गॅरेजच्या वरचा मजला, माझा मुलगा (पुढे ‘थोरला’) आणि माझी मुलगी (पुढे ‘धाकटी’) यांना समान हिश्शाने द्यावे. मधोमध भिंत घालण्याची सूचना माझ्या दिरांनी केली होती. भिंत घालू नये. स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे आणि अर्धी खिडकी कोणाच्याच कामाची नाही.

२. बँकेतील ठेवीतून माझे अंत्यविधी साधेपणाने करावेत व उरेल ते दोघांत वाटावे. माझी पुस्तके महाविद्यालयाने घेतली तर द्यावीत. त्यांनी नको म्हटल्यास आग्रह करू नये. पुस्तकांनाही मान असतो.

३. दिरांकडे आमची लांब शिडी आहे. ती त्यांनी छपराच्या कामासाठी नेली, त्यानंतर छप्पर दोनदा बदलले, शिडी परत आली नाही. ती मी त्यांना देत आहे. मागत बसण्याचा माझा हक्क माझ्याबरोबर संपावा. मात्र ‘वहिनींनी प्रेमाने दिली’ असे त्यांनी सांगू नये. मी कंटाळून दिली आहे.

४. खालचे गॅरेज, शेड, जॅक, हवेचा पंप आणि हत्यारांची मोठी पेटी यांविषयी.

गॅरेज थोरला चालवतो. रस्त्याच्या पलीकडे धाकटीचे गॅरेज आहे. थोरल्याच्या पाटीवर ‘इंजिन न उघडता कार्बन साफ’ असे आहे. धाकटीच्या पाटीवर ‘इंजिन उघडूनच साफ केले जाईल’ असे आहे. दोन्ही पाट्या एकाच रंगाऱ्याने रंगवल्या. त्याने मला विचारले होते, ‘बाई, आता तुमची पाटी काय लिहू?’ मी त्याला चहा दिला.

मूळ वादावर माझे मत नोंदवून ठेवते, कारण दोघांनी ते कधी पूर्ण ऐकून घेतले नाही. इंधन जळून पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा थर चढतो. तो खरवडून काढायचा तर इंजिन उघडावे लागते. नाहीतर प्लग काढून त्या भोकांतून रसायन आत सोडायचे, रात्रभर मुरू द्यायचे, सकाळी ते ओढून काढायचे आणि मगच किल्ली फिरवायची. रसायन विकायला आलेला गृहस्थ म्हणे, ‘गाडी हलकी पळते, म्हणजे कार्बन गेला.’ हे प्रमाण नव्हे. त्याच दिवशी प्लग नवे बसतात, तेलही बदलते. हलकेपणाचे श्रेय एकट्या बाटलीला का द्यावे? पण धाकटी म्हणते, ‘जुन्या इंजिनाला कार्बननंच धरलेलं असतं, तो काढला की ते तेल पिऊ लागतं.’ हे काही इंजिनांबाबत खरे आहे. काहींवरून सर्वांवर जाता येत नाही. तात्पर्य, प्रत्येक गाडी पाहून ठरवावे. एवढ्या साध्या निष्कर्षासाठी माझ्या घरात दोन पाट्या लागल्या.

गॅरेज व शेड दोघांच्या नावे समान हिश्शाने करावे. हत्यारांची पेटी धाकटीला द्यावी. तिच्या वडिलांनी पान्यांचा क्रम तिलाच शिकवला होता, आणि ती बाहेर पडली तेव्हा एकही पाना न घेता गेली. हवेचा पंप व जॅक थोरल्याला द्यावेत.

५. मिस्त्रीकाका आमच्या यजमानांच्या वेळेपासून गॅरेजचे मुख्य कारागीर आहेत. त्यांना शेडमागची खोली हयातभर राहायला द्यावी. ती कोणी भाड्याने देऊ नये, गोदाम करू नये, आणि ‘काका, जरा सामान ठेवू का’ असेही विचारू नये. त्यांचा डावा डोळा आमच्या शेडमध्ये गेला. ते स्वतः म्हणतात, ‘नेम धरायला एकच डोळा लागतो.’ हे ते आम्हाला बरे वाटावे म्हणून म्हणतात. आम्हाला बरे वाटू नये, असे माझे मत आहे.

६. आता शेडमागे ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी. मालकाने ती परत नेली नाही, नुकसान भरून घेऊन आमच्याकडेच सोडली. यजमानांनी तिला कोणाला हात लावू दिला नाही. तिचे दार त्या सकाळनंतर उघडले गेले नव्हते.

त्या सकाळी काय घडले ते कोणी न समजता राहू नये म्हणून लिहिते. आमच्या शेडमध्ये एक रीत होती. ज्या गाडीची किल्ली फिरवायची नाही, तिच्या स्टिअरिंगला लाल फडके बांधायचे. ज्याने बांधले त्यानेच सोडायचे. थोरल्याने आदल्या संध्याकाळी या गाडीत रसायन सोडले, धूळ जाऊ नये म्हणून बॉनेट लावून घेतले आणि तो वर जेवायला आला. सकाळी धाकटीने शेड उघडली, गाडीत बसली आणि इंजिनाचा आवाज ऐकण्यासाठी किल्ली फिरवली. मिस्त्रीकाका नुकतेच बॉनेट उचलून आत वाकले होते. प्लगच्या उघड्या भोकांतून रसायन पिचकारीसारखे त्यांच्या तोंडावर आले.

इस्पितळातून परतल्यावर यजमानांनी दोघांना समोर उभे केले. थोरला म्हणाला, ‘रसायन सोडलं, हात पुसले, फडकं लावलं आणि वर आलो. हिनं ते काढलं.’

धाकटी म्हणाली, ‘लाल फडकं नव्हतंच. स्टिअरिंगला कसला तरी मळका बोळा अडकलेला होता, तो मी टाकाऊ फडक्यांच्या ढिगात टाकला. लाल असतं तर मी किल्ली फिरवली असती का? माझे काका आहेत ते.’

ढिगातली फडकी तोवर जाळायला भट्टीत गेली होती. यजमान म्हणाले, ‘दोघांतलं एक खोटं बोलतंय,’ आणि वाढलेल्या ताटावरून उठले. हे वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारले नाही आणि मागेही घेतले नाही. ते तसेच मनात घेऊन ते गेले. धाकटी त्याआधीच रस्ता ओलांडून गेली होती. तेव्हापासून थोरला तिला निरोप देतो तो मिस्त्रीकाकांमार्फत, आणि ती उत्तर देते तेही त्यांच्याचमार्फत. ज्याचा डोळा गेला, त्यालाच या दोघांनी टपाल्या केले आहे.

पूर्वीचे मृत्युपत्र मी याच गृहीतकावर केले होते, की दोन विधाने परस्परविरुद्ध आहेत, म्हणून एक खोटे असलेच पाहिजे. खोटे कोणाचे हे ठरवता येईना म्हणून मी गॅरेज विकून टाकायला लिहिले होते. गेल्या महिन्यात मिळकतीची यादी करण्यासाठी डॉक्टरीणबाईंसह ही गाडी पाहिली. दार उघडले. स्टिअरिंगच्या बरोबर खाली, पायाखालच्या फिकट राखाडी मॅटवर, लाल डाग आहे. वाळलेला, थेंबाथेंबाने वाढलेला, कडेला गडद.

प्रथम मला वाटले, काकांचे रक्त. पण काका गाडीच्या आत नव्हतेच. मग मला थोरल्याचे वाक्य आठवले. त्याने हात पुसले होते. कोणत्या फडक्याला?

मी त्याच दुकानातून तसलेच लाल कापड मागवले, थोरल्याच्या फळीवरचे रसायन घेतले, कापड त्यात ओले करून गॅलरीत टांगले आणि खाली पांढरा कागद ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कापड राखेच्या रंगाचे झाले होते. कागद लाल होता. समोरच्या शिंप्यांनी तो पाहून विचारले, ‘बाई, या वयात रंगपंचमी कसली?’ मी त्यांना कापड दाखवले आणि हा रंग कोणता ते विचारले. त्यांचा धंदाच रंगांचा आहे. ते कापड उजेडाकडे धरून म्हणाले, ‘याला रंग म्हणता येणार नाही.’

निष्कर्ष असा. थोरल्याने लाल फडके लावले, हे खरे. धाकटीला लाल फडके दिसले नाही, हेही खरे. संध्याकाळच्या आणि सकाळच्या दरम्यान रसायनाने कापडाचा रंग खाली उतरवला. दोन्ही विधाने एकाच फडक्याविषयी होती, पण एकाच वेळेविषयी नव्हती.

यातून कोणी निर्दोष ठरत नाही, हेही स्पष्ट करते. खुणेचे फडके हात पुसण्याचे नव्हे. मळके म्हणून टाकण्याआधी ते तिथे का, हे विचारायचे असते. निष्काळजीपणा दोघांचा आहे आणि डोळा परत येणार नाही. सिद्ध होते ते एवढेच, की माझ्या घरात कोणी खोटे बोलले नाही. ते ऐकायला यजमान नाहीत, याचे दुःख कोणत्याही कलमात बसत नाही.

हे मी जिवंतपणी सांगायचा प्रयत्न केला. थोरल्याने पहिल्याच वाक्याला ‘तू तिचीच बाजू घेणार’ म्हणून शटर ओढले. धाकटी म्हणाली, ‘आई, परत तेच नको,’ आणि माझ्या औषधांची चौकशी सुरू केली. अर्धा युक्तिवाद ऐकणे हे न ऐकण्यापेक्षा वाईट. मृत्युपत्र तेवढे दोघांना एकाच खोलीत बसून शेवटपर्यंत ऐकावे लागते. म्हणून ते येथे लिहिले.

७. यापुढे शेडमध्ये खुणेसाठी कापड वापरू नये. मिस्त्रीकाकांनी लाल पत्र्याची तबकडी करून ठेवली आहे. रसायन वापरायचे तर दारे उघडी ठेवून, डोळ्यांना चष्मा लावून. हे दोन्ही पाट्यांना लागू आहे.

८. शेवटची गोष्ट ही अट नव्हे, विनंती आहे. अट घातली असती, तर हिश्शासाठी केले असे म्हणायला जागा उरली असती. हिस्से वरीलप्रमाणे मिळतीलच.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पाहा. लाल कापडाचा उरलेला तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. तो मी तुम्हा दोघांना न कापता देत आहे. थोरल्या, एका संध्याकाळी तो रसायनात भिजव आणि त्याच गाडीच्या स्टिअरिंगला बांध. धाकटे, तू सकाळी ये, दार उघड आणि तुला जे दिसेल ते त्याच्या देखत मोठ्याने सांग. लाल दिसले तर माझा युक्तिवाद चुकला, आणि तुमचे भांडण तुम्हाला लखलाभ. लाल दिसले नाही, तर फडके ज्याने बांधले त्यालाच सोडू दे.

गाडी आता चालत नाही. तरीही किल्ली फिरवू नये. मिस्त्रीकाका बॉनेटपाशी उभे असतील.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि खालील दोन साक्षीदारांसमक्ष त्यावर सही केली. त्यांनी माझ्यासमक्ष व एकमेकांसमक्ष सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळत नाही. मिस्त्रीकाकांना साक्षीदार घेतले नाही, कारण कलम पाचमुळे त्यांना लाभ होतो. ते स्वतः म्हणाले, ‘बाई, साक्षीला दोन डोळे लागतात.’ मला हसता आले नाही.

स्थळ: राहते घर, गॅरेजचा वरचा मजला
दिनांक: बारा फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ

मृत्युपत्र करणार: (सही) बाई

साक्षीदार पहिली: (सही) शेजारच्या डॉक्टरीणबाई. मॅटवरचा डाग मी पाहिला आहे.

साक्षीदार दुसरे: (सही) समोरचे शिंपी. कापड मी पाहिले आहे. ते लाल नव्हते.