भांडुपची भेट

मॅडम,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमचा वॉर्ड आता मी सांभाळते. आजारी मुलांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मनाची काळजी कशी घ्यायची, ते नव्या डॉक्टरांना शिकवते. ते मला टरकून असतात. आम्हीही तुम्हाला टरकायचो, पण डबा तुमच्याच टेबलावर उघडायचो. माझ्या टेबलाशी कुणी येत नाही.

रक्ताचा कॅन्सर असलेली ती नऊ वर्षांची मुलगी. मी तिच्या केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘सहकार्य करत नाही’. तुम्ही मला तिच्या खाटेशी नेलंत. "वाचून दाखव तिला, मराठीत. मुलाला वाचून दाखवता येत नाही ते आपण लिहीत नाही." मी वाचते. इतका वेळ भिंतीकडे तोंड करून पडलेली ती वळते. "रोज सुई घेते ना मी? अजून काय करू?" तिची आई पदर तोंडाला लावून हसते आणि हसताहसताच रडायला लागते. मी ते वाक्य खोडलं. त्यानंतर ती रोज विचारायची, "आज काय लिहिलंस गं?" डॉक्टरला सरळ अगंतुगं. मी तिला कधी टोकलं नाही.

चार महिन्यांनी ती गेली. पंधरा दिवसांनी घरी जाऊन यायचं, ही तुमची शिस्त. "आपण बोलायचं नाही. आई बोलेल, तू ऐक. तू येणार म्हणून निरोप दिलाय मी." भांडुपला त्यांची चाळ टेकडीवर होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "बोलली का गं ती?"

"बोलल्या. बराच वेळ."

तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. एरवी तुम्ही असं करत नव्हतात.

आज माझी एक विद्यार्थिनी मुलुंडला अशीच भेट देऊन आली. डोळे सुजलेले. "मॅडम, पहिल्या भेटीत तुम्ही काय केलंत?"

"ऐकलं," मी म्हटलं. "जा, तोंड धू. ओपीडी सुरू होतेय."

ती गेली आणि मी हे लिहायला बसले. ते कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. दर वर्षी मी या नव्या डॉक्टरांना लोकांच्या घरी धाडते आणि परत आल्यावर कडक शब्दांत उलटतपासणी घेते. स्वतः मी आजवर एकाही घरात गेलेले नाही, मॅडम. भांडुपच्याही नाही. दार उघडंच होतं. तिची आई पाठमोरी, ओट्याशी दोन कप पुसत होती. मी उंबऱ्याशी चपला काढल्या आणि आवाज न करता परत घातल्या.