शिकंजा उद्या काढायचा

दादा,

रागावला असशील, तरी वाच.

तू जोडलेली ती हातांची खुर्ची आज दुकानात आली, नुसती बैठक बदलायला. नऊ वर्षांत सांधा तसूभर हललेला नाही. नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा ती गिऱ्हाइकाला घेऊन खाली बसली, तेव्हा आबा चार लोकांत तुझ्यावर ओरडले, "सरस वाळायच्या आत सांध्याचा शिकंजा काढलास!" तू खुर्ची पुन्हा जोडलीस, तिच्यावर खडूने 'उद्यापर्यंत हात लावू नये' लिहिलंस आणि घर सोडलंस.

शिकंजा मी काढला होता. खुर्ची पोचवून मला मॅचला पळायचं होतं.

आज आबांना एकदाचं सांगून टाकलं. रंधा न थांबवता ते म्हणाले, "माहीत आहे. त्याच्यावर ओरडलो, त्यानंतर लगेच कळलं होतं. तू कधी सांगतोस, याची वाट बघत होतो."

"नऊ वर्षं?"

तेव्हा रंधा थांबला. "तू आपणहून बोलशील म्हणून थांबलो, आणि तो गेला. त्याला लिही."

तुझा,
उतावळा धाकटा

ता. क. महिना झाला, हे पत्र हत्यारांच्या पेटीतच आहे. आबा रोज विचारतात, "टाकलंस का?"

मी म्हणतो, "उद्या."